औषध पाजूनही विण्याच्या तोंडावर मेंढ्या पुन्हा का खचतात?

तक्रार जवळपास ठरलेली असते. पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या आगेमागे एकदा, असं जंताचं औषध अख्ख्या कळपाला पाजलेलं असतं. तरीही दिवाळीच्या सुमारास विणाऱ्या मेंढ्यांतल्या काही मागं पडू लागतात. चालता चालता बसतात, जबड्याखाली पाणी उतरतं, विल्यावर कासेत दूध नसतं आणि कोकरू उपाशी राहतं. मग पुन्हा औषध, बहुतेक वेळा तेच. काही दिवस मेंढी सावरल्यासारखी वाटते आणि महिनाभरात परत तिथंच येते. माण, खटाव, सांगोला, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात दख्खनी मेंढ्या राखणाऱ्यांना हे नवं नाही. "औषधात दम राहिला नाही" असं म्हणून बाटलीचा ब्रँड बदलला जातो.

कधी कधी औषधात खरंच दम राहिलेला नसतो, त्याबद्दल पुढे येईलच. पण मूळ कारण बहुधा वेगळं असतं. औषध आपण सणवार पाहून पाजतो आणि जंत वाढतात ते मेंढी किती दिवसांची गाभण आहे त्यावर. या दोन तारखा जुळल्या नाहीत, तर कितीही महागडं औषध आणलं तरी दुखणं दरवर्षी परतणार.

आधी जंतच आहेत ना, हे बघा

आपल्याकडे पावसाळ्यात मेंढीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे हिमाँकस हा रक्तपिपासू गोलकृमी. तो पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. मादी साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या अंगात रक्तानं लाल झालेलं आतडं व पांढरी बीजांडं एकमेकांभोवती पिळलेली दिसतात. एक जंत दिवसाला अंदाजे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार जंत म्हणजे रोजचे ५० मिलिलिटर झाले. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच मुळात दोन लिटरच्या आसपास असतं. पोटात वाढणारं कोकरू आणि वर ही रोजची गळती, मेंढी किती दिवस तग धरणार?

इथं एक गोष्ट फार जणांना फसवते. नुसत्या हिमाँकसनं मेंढीला सहसा हगवण लागत नाही. लेंडी चांगली बांधलेली पडते, त्यामुळे "हिला जंत नाहीत" असा निष्कर्ष काढला जातो. हगवण करणारे जंत दुसरे असतात. रक्त पिणारा हा जंत ओळखायचा असेल तर डोळा बघायला हवा.

उजेडात, उघड्यावर, खालची पापणी अलगद खाली ओढून आतल्या अस्तराचा रंग पाहा. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान या पशुवैद्याच्या कल्पनेतून यासाठी रंगांचा तक्ता तयार झाला. त्याला फामाचा म्हणतात. त्यात १ म्हणजे लालभडक आणि ५ म्हणजे कागदासारखं पांढरं. साधारण कळपात ४ आणि ५ असलेल्या जनावरांना औषध देतात. गाभण आणि पाजत्या मेंढ्यांच्या बाबतीत मात्र ३ वरच, म्हणजे पापणी फिकट गुलाबी दिसली की हात हलवावा, कारण त्यांना घसरायला वेळ लागत नाही. तक्ता हाताशी नसेल तर कळपातल्या सगळ्यात तरतरीत मेंढीची पापणी आधी बघा आणि तिच्याशी बाकीच्यांची तुलना करा. डोळे आलेले असतील तर रंगावर विश्वास ठेवू नका.

जबड्याखालची सूज संध्याकाळी, दिवसभर मान खाली घालून चरून आल्यावर जास्त दिसते आणि सकाळी ओसरलेली असते. म्हणून सकाळी बघून "उतरली" असं समजू नये. रक्तातलं प्रथिन कमी झाल्याचं ते लक्षण आहे. हिमाँकसमध्ये ती दिसते, तशीच यकृतातल्या चपट्या कृमींमध्ये आणि नुसत्या उपासमारीतही दिसते.

आता जंत नसलेली दुखणी. विण्याला महिना-दीड महिना उरलेला, पोटात जुळी, मेंढी एकाएकी खाणं सोडून कळपापासून वेगळी उभी राहते, दिसत नसल्यासारखी धडकते, पण पापणी लाल आहे. हे बहुधा गाभणकाळातलं विषबाधेसारखं दुखणं असतं. अंगात ऊर्जा कमी पडून चरबी जळू लागते, तेव्हा ते उद्भवतं. इथं जंताच्या औषधाची बाटली उघडून तास घालवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. पापणी पांढरी किंवा पिवळट आहे, ताप आहे आणि अंगावर गोचीड भरपूर आहेत, तर रक्तातल्या परजीवींची तपासणी हवी. मेंढीचं तापमान एरवी १०२ ते १०३ फॅरनहाइटच्या आसपास असतं. जंतांनी ताप येत नाही. थर्मामीटर मेंढ्यांच्या वाड्यावर असायलाच हवा, तो काही महाग नाही.

एखादी मेंढी मेलीच तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून फाडून घ्या. चौथ्या कप्प्यात लाल दोऱ्यांसारखे जंत वळवळताना दिसतात, यकृताच्या नळ्या कापल्या की पानाच्या आकाराचे कृमी बाहेर येतात. एका मेलेल्या मेंढीतून जेवढं कळतं तेवढं दहा जणांच्या सल्ल्यातून कळत नाही.

विण्याच्या वेळीच का?

मोठी मेंढी एरवी जंतांना बऱ्यापैकी दाबून ठेवते. तिच्या अंगची प्रतिकारशक्ती जंतांना खुरटं ठेवते, अंडी कमी घालू देते, नव्या अळ्या टिकू देत नाही. विण्याआधी दोन ते चार आठवड्यांपासून ही पकड सैल होते आणि विल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे सैलच राहते. अंगातलं प्रथिन आधी कोकराकडे आणि मग दुधाकडे वळतं. जंतांशी लढण्यासाठी जे उरतं ते अपुरं पडतं. जुळं असेल तर ही घसरण आणखी मोठी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेल्या 'नारी सुवर्णा'सारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या ज्यांनी आणल्या आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. जास्त कोकरं हवीत तर त्या मेंढीला विण्याच्या काळात जास्त जपावं लागतं.

पकड सैल झाली की तीन गोष्टी एकदम घडतात. पोटातले जंत भराभर अंडी घालू लागतात. पोटाच्या अस्तरात वाढ थांबवून दडून बसलेल्या अळ्या जाग्या होतात. आणि चरताना पोटात गेलेल्या नव्या अळ्या सहज रुजतात. हिमाँकसची एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालू शकते. हजार माद्या असलेली एक मेंढी रोज पन्नास लाख अंडी कुरणावर टाकत हिंडते, आणि त्याच कुरणावर तिचं कोकरू दोन-तीन आठवड्यांचं झालं की गवताला तोंड लावतं.

म्हणून "आईच्या दुधातून जंत उतरले" हे हिमाँकसच्या बाबतीत खरं नाही. तो गर्भातून येत नाही आणि दुधातूनही येत नाही. दुधातून येणारा एक बारीक जंत आहे, स्ट्राँगिलॉइडिस, पण कोकरं पांढरीफटक पडतात ती बहुतेक आईच्या लेंडीतून गवतावर गेलेल्या हिमाँकसमुळे. विण्याच्या वेळी आईला सांभाळलं की दोन महिन्यांनंतरची कोकरांची मर निम्म्या वाटेत अडते.

आपल्या भटकंतीचाही इथं संबंध आहे. उबदार ओलसर हवेत अंड्यापासून लागण करणारी अळी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. शेतात रोज वाडा हलवत जाणारा कळप तोवर पुढच्या गावी पोचलेला असतो. मेंढक्यांची ही जुनी रीत जंतांवरचा फार मोठा उपाय आहे आणि तिचं श्रेय तिला दिलं पाहिजे. घोळ होतो तो पावसाळ्यात गावी परतल्यावर. तेच गायरान, तोच माळ, तेच पाणी, तीन-चार महिने. आणि नेमक्या याच काळात दिवाळीला विणाऱ्या मेंढ्यांचे शेवटचे दोन महिने चालू असतात. जड मेंढ्या लांब चालवत नाहीत म्हणून त्या वाड्याजवळच्या, सगळ्यात जास्त लेंडी पडलेल्या पट्ट्यातच चरतात. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पाळणाऱ्यांकडे तर हे बारा महिने चालतं.

औषधाची वेळ कशी धरायची

विण्याच्या दोन ते तीन आठवडे आधी, ही खरी वेळ. अडचण एवढीच की नर बारमाही कळपातच असतो, त्यामुळे कोणती कधी विणार हे ठाऊक नसतं. सोपा उपाय आहे. गेरू तेलात कालवून नराच्या छातीला, पुढच्या पायांमध्ये, दर तीन-चार दिवसांनी लावायचा. नर लागलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर रंग उमटतो. ती तारीख वहीत किंवा मोबाइलमध्ये टिपायची आणि तिथून १४७ ते १५० दिवस मोजायचे. हे जमत नसेल तर कासेकडे लक्ष ठेवा. कास भरू लागलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांचा गट करायचा आणि दर पंधरा दिवसांनी त्या गटाच्या पापण्या पाहायच्या. सगळ्या कळपाला एकाच दिवशी पाजून मोकळं होण्यापेक्षा यात कष्ट जास्त आहेत, पण औषध निम्म्याहून कमी लागतं.

सगळ्यांना पाजू नये याला दुसरंही कारण आहे. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. प्रत्येकीला औषध दिलं की औषधाला दाद न देणारे तेवढे जंत जगतात आणि पुढची सगळी पिढी त्यांचीच होते. गाभण गटातही अंगानं भरलेल्या, एकच कोकरू असलेल्या, लाल पापणीच्या काही मेंढ्या मी मुद्दाम बिनऔषधाच्या ठेवायला सांगतो. त्यांच्या लेंडीतून औषध न पाहिलेले जंत कुरणावर जात राहतात आणि औषधाची धार टिकते. शेजारच्या मेंढपाळाला हे उलटं वाटेल, पण हे करणं गरजेचं आहे.

गाभण मेंढीला काय चालतं, काय नाही

अल्बेंडाझोल सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात तेच टाळायचं असतं. त्या दिवसांत दिलं तर गर्भाच्या वाढीत व्यंग येऊ शकतं. नर कळपात असताना आणि मेंढ्या माजावर येत असताना सरसकट अल्बेंडाझोल पाजणं म्हणजे कुणाच्या पोटात काय आहे हे न बघता केलेला जुगार आहे. नर वेगळा काढल्यावरही तीस दिवस थांबावं. फेनबेंडाझोल गाभणपणात सुरक्षित मानलं जातं, पण ते अल्बेंडाझोलच्याच कुळातलं आहे. एकाला जंत दाद देत नसतील तर दुसऱ्यालाही देणार नाहीत. ब्रँड बदलला, बाटलीचा रंग बदलला, कूळ मात्र तेच राहिलं, असं वर्षानुवर्षं चालतं. या कुळाला न जुमानणारे जंत भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत.

लेव्हामिसोल वेगळ्या कुळातलं आहे आणि काम करतं, पण मात्रा थोडी जास्त झाली तरी बाधतं, म्हणून शेवटच्या दिवसांत जपून. आयव्हरमेक्टिन गाभण मेंढीला चालतं. क्लोझँटेल रक्त पिणाऱ्या जंतांवर चांगलं आणि त्याचा असर काही आठवडे राहतो, पण मात्रा चुकून जास्त गेली तर मेंढी आंधळी होऊ शकते. यातलं कोणतं, हे डॉक्टरांनी लेंडी आणि वजन पाहून ठरवावं. मोरचूद पाजण्याची जुनी पद्धत मात्र पूर्ण सोडा, मेंढीला तांबं सोसत नाही. पळसपापडी (पळसाचं बी) वगैरेची मात्रा नक्की नसते, गाभण मेंढीवर तो प्रयोग नको.

औषध योग्य असूनही फुकट जातं ते पाजण्याच्या पद्धतीमुळे. नजरेनं वजन धरलं की ते बहुधा कमीच धरलं जातं. गाभण मेंढी अंदाजापेक्षा जड असते. गटातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनाला मात्रा धरा, पण लेव्हामिसोल आणि क्लोझँटेलसाठी वजनकाटाच वापरा. बाटली हलवा, तळाशी बसलेला साका म्हणजेच औषध असतं. पिचकारीत किती मिलिलिटर येतं ते मोजपात्रात एकदा तपासा. नळी जिभेच्या मुळाशी, गालाच्या बाजूनं घाला आणि डोकं आडवं ठेवा. तोंड आभाळाकडे केलं तर औषध फुफ्फुसात जातं. जड मेंढीला उलटी पाडू नका, लोकर धरून ओढू नका. कळपातल्या शेळ्यांना मेंढीचीच मात्रा देऊ नका. शेळीच्या अंगातून औषध लवकर निघून जातं, तिला कमी पडतं आणि दाद न देणारे जंत तिच्यातच तयार होतात.

औषध लागू पडलं का, हे डोळ्यांनी ठरत नाही. दहा-पंधरा मेंढ्यांवर खूण करा, औषधाआधी त्यांची लेंडी थेट गुदद्वारातून घेऊन वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, हवा काढून टाका, थंड ठेवा आणि त्याच दिवशी तपासणीला पोचवा, नाहीतर अंडी वाटेतच फुटतात. चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची लेंडी पुन्हा द्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर त्या कुळाचं औषध तुमच्या कळपासाठी निकामी होत चाललं आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, यांपैकी जे जवळ असेल तिथं चौकशी करा.

खुराक हेही जंतांवरचं औषध आहे

शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराच्या जन्मवजनातला मोठा भाग भरतो, आणि पकड सैल होते ती प्रथिन कमी पडल्यानं. त्यामुळे याच दिवसांत पेंड दिली तर मेंढी जंतांना अधिक दाबते. रोज २०० ते २५० ग्रॅम मका भरडा आणि शेंगदाणा किंवा सरकी पेंडीचं मिश्रण परवडलं तर उत्तम. सगळ्यांना परवडत नसेल तर पहिलटकरणी, हडकुळ्या आणि पोट जास्त पसरलेल्या, म्हणजे जुळ्याच्या वाटणाऱ्या मेंढ्यांना आधी द्या. शेवरी, हादगा, बाभळीच्या शेंगा जिथं मिळतील तिथं घ्या. सुभाबूळ चांगला, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. दव सुकल्यावर मेंढ्या सोडल्या तर ओल्या गवताच्या टोकाशी चढलेल्या अळ्या कमी जातात.

पापणी कागदासारखी झालेल्या मेंढीला औषध दिल्यावर पळवू नका, चालवत नेऊ नका. कुत्रं मागे लागलं एवढ्यानंही ती मरू शकते. सावली, पाणी, हिरवा पाला, पेंड आणि डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं इंजेक्शन. रक्त भरून यायला काही आठवडे लागतात.

पाझर तलावाच्या काठावर चरणारे कळप

पावसाळा सरला, तलावाचं पाणी मागं हटलं की काठाला हिरवं लुसलुशीत गवत येतं आणि जड मेंढ्या तिथंच सोडल्या जातात. याच गवतावर गोगलगायींतून बाहेर पडलेली यकृतकृमींची बीजं चिकटलेली असतात. ती पोटात गेल्यावर मोठे कृमी व्हायला तीन महिन्यांहून जास्त लागतात, म्हणून दुखणं उन्हाळ्याच्या तोंडावर उमटतं आणि तलावाशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन पाजूनही फरक न पडण्याचं हे एक मोठं कारण. ती औषधं यकृतकृमींवर चालत नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या कृमींवर चालतं, कोवळ्यांवर नाही. ट्रायक्लाबेंडाझोल दोन्हींवर चालतं. गाभण गटासाठी काठ बंद करा आणि पाणी हौदात उपसून पाजा.

त्याच त्या मेंढ्या

दर विताला पांढरी पडणारी मेंढी ओळखू येते. तिच्या कानाला बिल्ला लावा, नोंद ठेवा आणि सलग दोन वितांना तेच झालं तर ती विकून टाका. तिच्या पोटचा नर पैदाशीला ठेवू नका. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी या जंतांना जास्त दाद न देणारी आहे आणि फलटणला झालेल्या कामात गरोळच्या संकरित कोकरांमध्येही तो गुण दिसला. म्हणजे जंतांशी लढण्याची ताकद रक्तातून पुढे जाते. नर निवडताना उंची आणि नाक बघतो, तशी त्याच्या आईची पापणीही बघावी.

गाभ टाकत असतील तर

अशक्त मेंढी जंतांमुळे कधीमधी गाभ टाकते. पण थोड्या दिवसांत तीन-चार मेंढ्यांनी टाकला तर जंताच्या औषधानं काही होणार नाही. ब्रुसेला, क्लॅमिडिया किंवा टोक्सोप्लाझ्माचा संशय धरा. टोक्सोप्लाझ्माही परजीवीच आहे, पण तो मांजराच्या विष्ठेतून पेंडीत, चाऱ्यात, पाण्यात येतो. खुराकाची पोती झाकून ठेवा आणि मांजराला त्यावर बसू देऊ नका. पडलेला गाभ, वार आणि ओली जागा उघड्या हातानं साफ करू नका, हातमोजे किंवा जाड पिशवी वापरा. वाड्यावर कुणी बाई गरोदर असेल तर तिनं या कामाला आणि नुकत्याच विलेल्या मेंढीलाही हात लावू नये, तिच्या बाळाला धोका असतो. त्या मेंढ्यांचं कच्चं दूध घरात वापरू नका. कुत्र्यांना वार खाऊ देऊ नका. गाभ आणि वारेचा नमुना पिशवीत बर्फात ठेवा, उरलेलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, गाभ टाकलेल्या मेंढ्या वेगळ्या बांधा आणि १९६२ वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवा. मेंढ्यांचं रक्तही त्याच वेळी तपासायला द्या.